जीएस (जनरल सेक्रेटरी) बदलतो, शीट तशीच राहते: विद्यार्थी मंडळाकडच्या माहितीचा जाब कसा विचारायचा?

कृष्णाकाठ (सांगली)

सांगली-मिरज असो की सातारा, महाविद्यालयात नवीन विद्यार्थी मंडळ बसलं की पहिल्या महिन्यात तीन-चार गूगल फॉर्म फिरायला लागतात. फ्रेशर्स, टी-शर्ट, कासची सहल, मग गॅदरिंग. भरणारा टी-शर्टच्या रंगाकडे बघतो, रकान्यांकडे कोणी बघत नाही. सध्या फिरत असलेल्या एका सहलीच्या फॉर्मचे रकाने जसेच्या तसे देतो, महाविद्यालयाचं नाव मुद्दाम देत नाही:

पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाईल, पालकांचा मोबाईल, जन्मतारीख, रक्तगट, प्रवर्ग, आधार क्रमांक, आधारचा फोटो (दोन्ही बाजू), टी-शर्टचा साइज, इन्स्टा आयडी.

बारा रकाने, सहल एक दिवसाची. फॉर्म सेक्रेटरीच्या स्वतःच्या जीमेलवर. वर्ष संपलं की सेक्रेटरी पुण्याला जातो आणि शीट त्याच्याबरोबर जाते. यात कोणाचा वाईट हेतू असतो असं माझं म्हणणं नाही. पण मंडळाकडे खर्चाचा हिशोब मागायची रीत आहे, माहितीचा हिशोब मागायची नाही.

तर प्रश्न असे. या माहितीला कायद्याने जबाबदार कोण, पदाधिकारी की महाविद्यालय? पहिल्याच बैठकीत पदाधिकाऱ्यांकडून नेमकं काय लिहून घ्यावं? आणि फुटलीच माहिती तर तक्रार कुठे? उपदेश नको, करता येईल असं सांगा.

बेदाणा

टी-शर्टचा साइज सोडला तर यातलं काहीच टी-शर्टला लागत नाही.

चारभिंती (सातारा)

आधी पाया घालतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा ऑगस्ट २०२३ चा. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. पण सगळी कलमं एकदम लागू झालेली नाहीत. डेटा प्रोटेक्शन बोर्ड (या कायद्याखाली दंड ठरवणारं मंडळ) नेमण्याची कलमं लगेच लागू झाली. आपल्या कामाची, म्हणजे सूचना, संमती, सुरक्षा, माहिती पुसणं आणि दंड ही कलमं अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतात. तोपर्यंत जुना माहिती तंत्रज्ञान कायदा.

जबाबदार कोण? नव्या कायद्याची कसोटी सोपी आहे: माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ज्याने ठरवलं, तो जबाबदार. विद्यार्थी मंडळ हा काही मित्रांचा कट्टा नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ च्या कलम ९९ मध्ये त्याची तरतूद आहे, म्हणजे ते महाविद्यालयाच्या रचनेतलाच भाग. सहलीसाठी, प्राचार्यांच्या परवानगीने गोळा केलेल्या यादीला माझ्या मते महाविद्यालय जबाबदार. सेक्रेटरी त्यांचा हात. पण तोच सेक्रेटरी गॅदरिंगला पाच हजारांची जाहिरात मिळते म्हणून ती यादी एखाद्या क्लासवाल्याला देतो, तेव्हा यादी कशासाठी वापरायची हे त्याने स्वतः ठरवलेलं असतं. मग तो स्वतः जबाबदार. 'मी वैयक्तिक वापरासाठी ठेवली होती' ही पळवाट चालत नाही, कारण कायद्यातली सूट घरगुती आणि खाजगी कामापुरती आहे.

आणि अकरावी-बारावी त्याच आवारात असेल तर जास्त सांभाळून. अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे. एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) सुद्धा बरीच मुलं सतरा वर्षांची असतात, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

भडंग

दंड २५० कोटींपर्यंत ना? आमच्या मंडळाच्या खात्यात २५० रुपये असतील. हप्ते पाडून मिळतील का?

चारभिंती

भडंग, हसा, पण मुद्दा खरा आहे. २५० कोटी ही वरची मर्यादा, तीही सुरक्षेची काळजी न घेतल्याबद्दलची. बोर्ड रक्कम ठरवताना चुकीचं स्वरूप, किती काळ चालली, नंतर काय सुधारलं हे बघणार. आणि कोणी लिहीत नाही ती गोष्ट: तो दंड भारताच्या संचित निधीत जातो, ज्याचा आधार फुटला त्याच्या हातात एक रुपया नाही. जुन्या कायद्याच्या कलम ४३अ मध्ये भरपाईची सोय होती, तीही व्यापार-व्यवसाय करणाऱ्या संस्थांविरुद्धच. नवी कलमं लागू झाली की ४३अ जाणार. त्यामुळे दंडाच्या आकड्याने जीएसला घाबरवण्यात अर्थ नाही. खरा लगाम महाविद्यालयाच्या आतच घालावा लागेल.

घाटउतार

मला हा सगळा प्रकार अति वाटतोय. पोरं फुकट राबतात, मंडप बांधतात, रात्री बारापर्यंत साउंडवाल्याशी भांडतात. त्यांच्या डोक्यावर कायद्याचं पुस्तक ठेवलं तर पुढच्या वर्षी सीआर (वर्गप्रतिनिधी) व्हायलाही कोणी उभा राहणार नाही. आणि नंबर तर सगळ्यांचा सगळीकडे गेलेलाच आहे की लका. झेरॉक्सच्या दुकानात जा, काउंटरवर अर्ध्या तालुक्याचे आधार पडलेत.

मिरज_जंक्शन

घाटउतार, नंबर गेलाय हे मान्य. पण नंबर, जन्मतारीख, आधार आणि पालकांचा नंबर हे एकाच ओळीत, वर्गवार लावून, फार कमी ठिकाणी मिळतं. फसवणाऱ्याला फोनवर काय बोलावं लागतं? 'तुमचा मुलगा एसवायला आहे ना, त्याच्या शिष्यवृत्तीत अडचण आलीय, एक ओटीपी येईल.' हे वाक्य खरं वाटायला जे लागतं ते सगळं त्या एका ओळीत आहे. सुटा नंबर आणि ही ओळ यांत मातीचा ढीग आणि बांधलेली भिंत एवढा फरक.

पोरं राबतात हे मात्र खरं. म्हणूनच त्यांच्याकडे कमीत कमी माहिती असावी. जे घेतलंच नाही ते फुटत नाही आणि त्याचा जाबही द्यावा लागत नाही.

तंतुवाद्य (मिरज)

कायद्याचं कायदेवाले बघतील. चुका कुठे होतात ते सांगतो, कारण नव्वद टक्के वेळा हॅकर वगैरे कोणी नसतो, एक टिकमार्क असतो.

पहिली चूक फॉर्मच्या सेटिंगमध्ये. 'निकालाचा सारांश बघा' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो चालू राहिला की फॉर्म भरणाऱ्याला शेवटी एक दुवा दिसतो आणि त्यात बाकीच्यांची उत्तरं, मोबाईल नंबरसकट. सर्वेक्षणाला ठीक, नोंदणीला नाही. बंद ठेवा.

दुसरी चूक शीट शेअर करताना. समितीत आठ जण, प्रत्येकाचा ई-मेल कोण टाकत बसणार, म्हणून 'दुवा असलेला कोणीही' आणि वर 'संपादक'. तो दुवा ग्रुपवर पडला की आठाचे ऐंशी होतात. तपासायचं असेल तर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून, कुठेही लॉगिन न करता दुवा टाका. शीट उघडली तर ती जगाला उघडी आहे.

तिसरी, सगळ्यात फसवी. आधारचा रकाना लपवला म्हणजे गेला असं वाटतं. लपवलेला रकाना शीटची प्रत काढली की परत दिसतो. पुसला तरी संपादन करणाऱ्याला आवृत्ती इतिहासात मागे जाऊन बघता येतो. दुसऱ्याला यादी द्यायचीच असेल तर हवे तेवढेच रकाने नव्या कोऱ्या शीटमध्ये फक्त मजकूर म्हणून चिकटवा आणि ती द्या.

आणि पुसताना लक्षात ठेवा, माहिती तीन ठिकाणी असते: फॉर्मच्या आतले प्रतिसाद, जोडलेली शीट, आणि फोटो अपलोड केले असतील तर ड्राइव्हमधला वेगळा फोल्डर. एक पुसलं की दुसरं पुसलं जात नाही. बहुतेक जण शीट उडवून मोकळे होतात, आधारचे फोटो फोल्डरमध्ये तसेच बसतात. तिन्ही पुसल्यावर कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर तिथे अजून तीस दिवस पडून राहतात.

हळदबाजार

@तंतुवाद्य, फॉर्म कोणाच्या खात्यावर आहे हे भरणाऱ्याला कसं कळणार?

तंतुवाद्य

फॉर्मच्या तळाशी बघा. महाविद्यालयाच्या अधिकृत खात्यावर बनवलेला असेल तर 'हा फॉर्म अमुक संस्थेत तयार केला' अशा अर्थाची ओळ येते. ती नसेल तर खाजगी जीमेल समजा. आणि शिक्षणसंस्थांना गूगलची मूळ आवृत्ती फुकट मिळते, तेव्हा 'आमच्याकडे अधिकृत खातं नाही' ही पैशाची अडचण नसते, अर्ज करायच्या कंटाळ्याची असते. मंडळासाठी एकच खातं करून घ्या, व्यक्तीच्या नावाचं नको, पदाच्या नावाचं. जून आला की पासवर्ड आणि खात्याला जोडलेला मोबाईल, दोन्ही बदला. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. जुन्या जीएसचा नंबर तसाच राहिला तर 'पासवर्ड विसरलो' म्हणून तो परत आत येऊ शकतो.

कंदीपेढा

व्हॉट्सॲपचं पण कोणीतरी लिहा. ग्रुपला हजारभर माणसं घालतात आणि प्रत्येक मुलीचा नंबर प्रत्येकाला दिसतो. सूचना द्यायला ग्रुप कशाला हवा? चॅनेल काढा किंवा कम्युनिटीचा सूचना-ग्रुप वापरा, सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आणि यादीची फाइल ग्रुपवर चुकून गेली तर 'सर्वांसाठी हटवा' साधारण दोन दिवसच चालतं. ज्याने उतरवून घेतली त्याच्या फोनमध्ये ती राहतेच.

बेदाणा

फिशपाँडचं, म्हणजे गॅदरिंगला वाचायच्या निनावी टोमण्यांच्या चिठ्ठ्यांचं काय? तो डबा आता फॉर्म झालाय. 'नाव गुप्त राहील' असं वर लिहितात आणि खाली ई-मेल गोळा करायचं सेटिंग चालू. मग गॅदरिंगच्या आधी आठवडाभर समितीतली पोरं कोणी कोणाला काय लिहिलं ते वाचून हसत बसतात.

तंतुवाद्य

बरोबर. आणि ई-मेल बंद ठेवला तरी प्रत्येक उत्तरापुढे वेळ छापून येते. वर्गात एका वेळी तीनच जणांच्या हातात फोन असेल तर वेळेवरून माणूस ओळखता येतो. एका माणसाला एकच उत्तर देता यावं म्हणून लॉगिन सक्तीचं केलं तर गोष्ट वेगळी, त्याने ई-मेल शीटमध्ये येत नाही. गोळा करायचं सेटिंग निराळं आहे, ते बंद ठेवायचं. पण खरं सांगू? फिशपाँडला पत्र्याचा डबाच बरा. चिठ्ठीला आवृत्ती इतिहास नसतो.

भडंग

चिठ्ठीला अक्षर असतं की! आमच्याकडे डब्यातलं अक्षर ओळखणारे तज्ज्ञ होते.

लिंबखिंड

अवांतर: कागदाचा मुद्दा निघालाच आहे तर. नवा कायदा फक्त डिजिटल माहितीला आणि नंतर डिजिटल केलेल्या कागदाला लागू आहे. हजेरीपटाची वही नुसती वही असेपर्यंत कायद्याच्या बाहेर, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की आत. त्यामुळे जुन्या याद्या रद्दीत गेल्या आणि पुढे त्यांच्या पुड्या झाल्या तर या कायद्याखाली काही करता येत नाही. भडंग यांनी आपलं नाव जपावं.

घाटउतार

हे मान्य, रक्तगटाचं मात्र बोला. सहलीला घाटात काही झालं तर रक्तगट आणि घरचा नंबर हाताशी नको का?

मिरज_जंक्शन

घरचा नंबर हवाच. तो छापील कागदावर, एक प्रत सोबतच्या शिक्षकांकडे, परत आल्यावर फाडायची. रक्तगटाचा उपयोग वाटतो तेवढा नाही. रुग्णालय रक्त देण्याआधी गट तपासतंच आणि जुळवणी करतंच, फॉर्मवरच्या अक्षरावर कोणी पिशवी लावत नाही. त्यापेक्षा 'काही ॲलर्जी किंवा चालू औषध आहे का' हा प्रश्न कामाचा. तोही कागदावर, घडी घालून, थेट शिक्षकांच्या हातात.

आधारचं तर कारणच सापडत नाही. ओळख पटवायला महाविद्यालयाचं ओळखपत्र पुरतं. कोणी अडूनच बसलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरून उतरवता येतं.

वसंतवाट

मी उलट्या बाजूने विचारते. पदाधिकाऱ्यांना जाब विचारायचा तर त्यांचं कामकाज दिसायला हवं. माहिती अधिकारात अर्ज केला तर आता ते म्हणतील, 'वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही.' नव्या कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललंय ना?

चारभिंती

वसंतवाट, नेमकं बोट ठेवलंत. हा बदल मे २०२७ ची वाट बघत नाही, तो नोव्हेंबर २०२५ पासूनच लागू आहे. पूर्वी त्या कलमात व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहिती देण्याची सोय होती, आता 'वैयक्तिक माहितीशी संबंधित' एवढंच उरलंय. पण कलम ८(२) शिल्लक आहे. नुकसानीपेक्षा जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते.

त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रश्नच असा लिहा की नकाराला जागा राहू नये. यादी मागू नका, यादीबद्दल मागा. या वर्षात मंडळाने किती नोंदणी फॉर्म काढले, प्रत्येकात कोणते रकाने होते, ते कोणत्या पदाच्या खात्यावर आहेत, किती जणांना बघण्याचा अधिकार आहे, पुसण्याची तारीख काय, बाहेरच्या कोणाला यादी दिल्यास त्या पत्राची प्रत. यात एकाही विद्यार्थ्याचं नाव येत नाही.

अनुदानित महाविद्यालय असेल तर 'आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही' हे फारसं टिकत नाही. २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या शिक्षणसंस्था माहिती अधिकाराखाली येतात असं सांगितलंय. विनाअनुदानितचं वेगळं, तिथे हा रस्ता धरू नका.

हळदबाजार

अर्ज करणाऱ्यांसाठी: राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तर तीस दिवसांत, प्रतींचे पानाला दोन रुपये. नाही आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. वरचे सगळे प्रश्न १५० शब्दांत आरामात बसतात. 'मंडळाचा मनमानी कारभार' असली वाक्यं घातली की मात्र बसत नाहीत.

आडसाली

माहिती फुटली तर सहा तासांत कळवावं लागतं असं वाचलंय. जीएसने कोणाला कळवायचं?

तंतुवाद्य

दोन गोष्टी एकत्र झाल्या. सहा तास ही सर्ट-इनची (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेची) एप्रिल २०२२ ची सूचना, सायबर घटनांसाठी, संस्थांना. नव्या नियमांत ज्यांची माहिती फुटली त्यांना आणि बोर्डाला विलंब न लावता कळवायचं, आणि सविस्तर अहवाल बोर्डाला ७२ तासांत. दोन्हीत कळवणारी संस्था. जीएसचं काम एकच, प्राचार्यांना त्याच दिवशी लेखी सांगणं.

त्याआधी दहा मिनिटांचं काम: शीट 'मर्यादित' करा, पण पुसू नका. कधीपासून उघडी होती, कोणकोणते रकाने होते, किती ओळी, हे लिहून ठेवा. घाबरून पुसली की काय फुटलं तेच सांगता येत नाही आणि लोकांना वाटतं पुरावा नष्ट केला. कोणाचे पैसे गेले असतील तर मात्र बैठकीची वाट न बघता लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

एका शीटचं नमुना म्हणून चित्र खाली देतोय.

संपादक

वरील प्रतिसादातलं चित्र काढून टाकलं आहे. कोपऱ्यात एका व्यक्तीचा ई-मेल पत्ता वाचता येत होता.

बेदाणा

😂😂 तंतुवाद्य, तार तुटली.

तंतुवाद्य

कबूल. चित्रावर पट्टी मारली होती, ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्याकडे बघितलंच नाही. हीच चौथी चूक समजा आणि वरच्या यादीत जोडा.

आडसाली

निवडणूक झाली तर मतदार यादी द्यावीच लागेल ना? तिच्यात किती माहिती असावी?

लिंबखिंड

थेट निवडणुका १९९३-९४ पासून बंद, २०१६ च्या कायद्याने दार उघडलं. यादीपुरतं बोलायचं तर नाव, वर्ग, रोल नंबर. मतदाराची ओळख ओळखपत्रावरून पटते, मोबाईलचा संबंध नाही. उमेदवार मोबाईल मागतात ते प्रचाराला. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराला पाच हजारांची खर्चमर्यादा घातली आणि छापील पोस्टरना बंदी, त्यामुळे फुकटच्या मेसेजचा मोह आणखी वाढतो. निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशोब द्यायचा असंही त्याच शिफारशींत आहे. त्या हिशोबाच्या कागदालाच 'मला मिळालेल्या याद्या आणि त्यांचं काय केलं' ही एक ओळ जोडायला हरकत नाही.

प्रवर्गाचं मात्र नीट समजून घ्या. राखीव प्रतिनिधीची जागा भरायला प्रवर्ग लागतो, पण तो प्रवेशाच्या नोंदीत कार्यालयाकडे आहेच. मंडळाने फॉर्मवर विचारायचं काही कारण नाही. सहलीच्या शीटमध्ये तो रकाना आला की बसमध्ये कोण कुणाशेजारी बसतं इथपर्यंत गोष्ट जाते. यावर विनोद करू नका प्लीज.

चारभिंती

लिंबखिंड यांच्या शेवटच्या परिच्छेदाला पूर्ण अनुमोदन.

कृष्णाकाठ यांचा मूळ दुसरा प्रश्न राहिलाय, लिहून काय घ्यावं? शपथपत्र वगैरे नको, मंडळाच्या पहिल्या बैठकीत ठराव घ्या. याला कारण आहे. विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३ चे विनियम आहेत. त्यातल्या 'तक्रारी'च्या व्याख्येत माहिती फुटणं असा वेगळा शब्द नाही. पण संस्थेच्या नियमांविरुद्ध केलेली कृती हा प्रकार आहे. म्हणजे आधी नियम हवा. प्राचार्यांच्या सहीने ठराव महाविद्यालयाचा नियम म्हणून लागू झाला की तो मोडणं ही सरळ तक्रार होते. समितीने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटला नाही तर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, त्यांनी तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा. मसुदा देतो, बदलून घ्या:

'ठराव क्र. ___ : विद्यार्थी मंडळाच्या कोणत्याही उपक्रमासाठी विद्यार्थ्यांची माहिती फक्त मंडळाच्या अधिकृत खात्यावरून घेण्यात येईल. प्रत्येक रकान्यासमोर तो का हवा याचे कारण एका ओळीत लिहिण्यात येईल. कारण लिहिता न आल्यास रकाना ठेवता येणार नाही. आधार क्रमांक, आधारची प्रत व प्रवर्ग घेण्यात येणार नाही. फॉर्मच्या सुरुवातीस माहितीचा उद्देश, पाहणाऱ्यांची पदे व पुसण्याची तारीख मराठीत देण्यात येईल. उपक्रम संपल्यापासून ३० दिवसांत माहिती पुसून तशी नोंद इतिवृत्तात घेण्यात येईल. मंडळाबाहेर यादी देण्यास प्राचार्यांची लेखी परवानगी लागेल. पदमुक्त होणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी खात्याचा ताबा व उरलेल्या याद्यांची नोंद सही करून द्यावी. सूचक ___ अनुमोदक ___ ठराव सर्वानुमते मंजूर.'

मराठीचा आग्रह हौसेचा नाही. नवा कायदा सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे असं सांगतो.

वसंतवाट

'पाहणाऱ्यांची पदे' हे आवडलं. नावं लिहिली असती तर पुढच्या वर्षी ओळ निरुपयोगी. एक भर घाला: ओळखपत्र आणि टी-शर्ट छापणाऱ्याला फोटो-पत्ते पेनड्राइव्हवर देतात आणि त्याच्या कॉम्प्युटरवर ते वर्षानुवर्षं राहतात. त्याच्या बिलावरच 'काम झाल्यावर फाइल पुसली' असं लिहून सही घ्यावी, त्याशिवाय बिल पास नाही. पैसे अडकले की पुसतात.

घाटउतार

ठराव वाचला. माझी तक्रार मागे घेतो, पूर्ण नाही, अर्धी. कारणाची ओळ लिहायची अट चांगली, त्याने फॉर्म बनवायचा वेळ वाचेल. ३० दिवस कमी आहेत. गॅदरिंगचे बक्षिसांचे पैसे कधीकधी दोन महिन्यांनी मिळतात आणि विजेत्याचा नंबर लागतो.

चारभिंती

मग विजेत्यांची वेगळी छोटी यादी ठेवा आणि तिला ९० दिवस द्या. वीस नावांसाठी आठशे जणांची शीट जिवंत ठेवायची नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार, बरंच हाती लागलं. ठरावाचा मसुदा आधी 'कारण एका ओळीत' या कसोटीवर त्याच बारा रकान्यांना लावून बघितला. नाव, वर्ग, रोल नंबर, मोबाईल, टी-शर्टचा साइज एवढे पाच उरले. पालकांचा नंबर कागदावर गेला. इन्स्टा आयडीला 'रील टॅग करायला' असं कारण कोणीतरी देईल, ते बैठकीत पाडू.

एक अडचण उरते. गेल्या वर्षीची शीट माजी सेक्रेटरीच्या खाजगी जीमेलवर आहे आणि तो फोन उचलत नाही. तिचं काय करायचं? निकाल किंवा दाखला अडवावा असं सुचवणारे आहेत.

हळदबाजार

दाखला अडवू नका हां. कागदपत्रं अडवून ठेवणं हे त्याच यूजीसी विनियमांत 'तक्रार' म्हणून लिहिलेलं आहे. तो तुमच्यावरच उलटेल.

तंतुवाद्य

खाजगी खात्यातली फाइल मालकाशिवाय कोणी हलवू शकत नाही. त्याने मालकी देऊ केली आणि समोरच्याने स्वीकारली तरच बदल होतो. महाविद्यालयाने गूगलला पत्र लिहून काही होणार नाही. आत्ता करता येण्यासारखं: तुमच्यापैकी कोणाला त्या शीटवर संपादनाचा अधिकार अजून असेल तर दुव्याचा प्रवेश 'मर्यादित' करून बघा. मालकाने संपादकांना शेअरिंग बदलू द्यायचं सेटिंग बंद केलं नसेल तर जमतं. आधारचा रकाना मात्र स्वतः पुसत बसू नका, इतिहासात राहतोच आणि तुमच्या नावाने नोंद पडते. जुना फॉर्म जिथे जिथे फिरतोय तिथले दुवे काढा, ग्रुपच्या वर्णनात पिन करून ठेवलेला असतो, तो पहिला काढा.

चारभिंती

आणि प्राचार्यांच्या सहीने त्याच्या घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र, पोचपावतीसह. धमकी नको. कोणत्या तीन ठिकाणांहून पुसायचं ते तंतुवाद्य यांनी वर लिहिलंय, तेच उतरवा. मुदत पंधरा दिवस, आणि पुसल्याचं लेखी कळवा एवढंच. बरेचदा माणसाला ती शीट आपल्या खात्यावर आहे हेच आठवत नसतं.

कृष्णाकाठ

ग्रुपच्या वर्णनात होता. काढला. शीटवर संपादनाचा अधिकार सध्याच्या एका सीआरकडे निघाला, दुवा मर्यादित झालाय. पत्राचा मसुदा सोमवारी कार्यालयात देतोय.

भडंग

पत्रावर रोल नंबर टाकू नका म्हणजे झालं.